इपॉक्सी, मामा आणि तीन पापुद्रे

सुरुवातीलाच कबूल करते, संपादक मंडळाने मला पकडलं ते मी मराठीत चांगलं लिहिते म्हणून नव्हे. मी कॉन्व्हेंटवाली. पण मराठी विभागात यंदाही पावसावर नऊ कविता आल्या आहेत म्हणे, आणि 'काहीतरी टेक्निकल पण मराठीत दे ना' असं म्हणत आमची संपादिका रूमवर ठाण मांडून बसली. पाऊस माझ्याही लेखात आहे. फक्त तो वरून पडत नाही, जमिनीखालून येतो!

गोष्ट मामाच्या गॅरेजची आहे. सांगलीत मामाचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. पुढे साधारण ३० चौरस मीटरची मोठी खोली, तिच्या एका कोपऱ्यात गाड्या धुवायचा रॅम्प, आणि मागे १० चौरस मीटरची स्पेअर पार्टची खोली. जमीन कोब्याची. पंचवीसएक वर्षं ऑइल पिऊन पिऊन ती काळी झाली होती. सेकंड इयरला आम्ही इंडस्ट्रियल व्हिजिटला एका कारखान्यात गेलो होतो. तिथली आरशासारखी करडी फरशी बघून मी जाम इम्प्रेस झाले आणि घरी येऊन मामाला म्हटलं, 'मामा, तुम्ही इपॉक्सी करून घ्या. खाली पडलेला सर्क्लिप लगेच दिसेल, ऑइल पुसलं की साफ!' मामाने भाचीचं ऐकलं. भाची इंजिनिअर होणार ना! २०२४ च्या फेब्रुवारीत दुकानातून डबे आले, नेहमीच्या पेंटरने दोन हात मारले, तिसऱ्या दिवशी गॅरेज उघडलं. सगळं मिळून बावीस हजार गेले. मार्च ते जून मामा येईल त्या गिऱ्हाइकाला फरशी दाखवत होता.

जुलैत फोन आला. 'अगं, तुझं ते इपॉक्सी पापडागत फुगलंय की!'

मामा रागावला नाही, हाच खरा त्रास होता. रागावला असता तर बरं वाटलं असतं. १५ ऑगस्टच्या सुट्टीत मी गेले तेव्हा पुढच्या खोलीत निम्म्या जागी पापुद्रे निघाले होते. मागच्या खोलीत मात्र एक ओरखडासुद्धा नाही. तोच डबा, तोच पेंटर, तोच दिवस.

मामाचं म्हणणं, २०१९ च्या महापुराचं पाणी अजून जमिनीत मुरलेलं असणार. पुराची रेघ गॅरेजच्या भिंतीवर अजून आहे. पण रेघ मागच्या खोलीतही तेवढ्याच उंचीवर आहे! मामीचं म्हणणं, दुकानदाराने फसवलं. पण डबा तर दोन्हीकडे एकच. मागे गाड्या जात नाहीत म्हणून ते टिकलं असेल असं मला वाटलं, तर पुढच्या काउंटरखाली, जिथे कधी चाक गेलं नाही, तिथेही पापुद्रा सुटला होता. शेवटी मी तीन वेगवेगळ्या जागचे तीन पापुद्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले आणि होस्टेलला घेऊन आले. रूम पार्टनरने ते आधी खरोखर पापड समजून हातात घेतले, ते असो.

आता थोडी केमिस्ट्री. बोअर करत नाही.

इपॉक्सी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. होस्टेलच्या फुटक्या बादलीला आपण एम-सील लावतो, तुटलेल्या चष्म्याच्या काडीला अ‍ॅरल्डाइट. अ‍ॅरल्डाइट १९४६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने बाजारात आणलं. दोन्हीत दोन भाग असतात, एक रेझिन आणि एक हार्डनर. फरशीच्या इपॉक्सीतही तेच. रेझिनच्या रेणूच्या टोकांना एक ताणलेलं तिकोनी कडं असतं. हार्डनरमधलं अमाइन ते कडं उघडतं आणि त्याला कायमचं जोडलं जातं. असं हजारो ठिकाणी झालं की सगळ्या थराचं एक जाळं होतं. म्हणजे इपॉक्सी 'वाळत' नाही, त्याची रिअ‍ॅक्शन होते. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतो, त्यात टर्पेंटाइन थोडं कमीजास्त झालं तरी निभावतं. आपल्याकडच्या पेंटरचा हात ऑइल पेंटवर बसलेला असतो, त्यामुळे तो हार्डनरला 'ड्रायर' समजतो आणि अंदाजाने ओततो. हार्डनर कमी पडला तर रेझिन तसंच उरतं, जास्त झाला तर अमाइन उरतं, दोन्हीकडून जाळं विरळच. डब्यावर जे प्रमाण छापलंय तेच, मापूनच. ते वजनाने आहे की आकारमानाने, हेही वाचायचं.

रिअ‍ॅक्शनमध्ये उष्णता निघते आणि उष्णतेने रिअ‍ॅक्शन वाढते. तापमान १० अंशांनी वाढलं की साधारणपणे हाताशी असलेला वेळ निम्मा होतो. बादलीत ढीग करून ठेवलेलं मिश्रण स्वतःच्याच गरमीने लवकर आवळतं, जमिनीवर पसरलेलं थंड राहतं. मामाच्या पेंटरने चहाला जाताना अर्धी बादली तशीच ठेवली होती. परत आला तर बादलीत दगड!

पण मागची खोली आठवा. पेंटरने काय चुका केल्या असतील त्या दोन्ही खोल्यांत सारख्याच. मग फरक कुठे?

पहिला पापुद्रा खोलीच्या मधोमधचा होता. तो उलटा केला तर खाली राखेसारखी पातळ करडी पूड घट्ट चिकटलेली. आमच्या काँक्रीट लॅबच्या सरांनी नखाने खरवडली आणि म्हणाले, 'इपॉक्सी सुटलेलंच नाही. कोबा सुटलाय.' मला झटकन कळलं नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. आपण सगळ्यांनी क्यूब टेस्ट केली आहे, काँक्रीट दाबात दणकट असतं. ओढण्यात मात्र त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच. चांगलं चिकटलेलं इपॉक्सी ओढलं तर बहुतेक वेळा इपॉक्सी नाही, खालचं काँक्रीट तुटतं. आणि मामाचा पुढचा कोबा गवंड्याने हौसेने घोटून घोटून गुळगुळीत केलेला. ओला कोबा घोटताना सिमेंटचं दूध वर येतं, त्याची साय धरते. ती दिसायला चकचकीत, आतून भुसभुशीत. मामाचं महागडं इपॉक्सी त्या सायीला घट्ट धरून बसलं होतं, आणि साय कोब्याला धरून नव्हती.

मागची खोली दहा वर्षांनी वाढवलेली. स्टोअरच करायचं म्हणून गवंड्याने तिथे घोटाई केलीच नाही, नुसता रंधा मारून सोडला. मामा तेव्हा त्यावरून त्याच्याशी भांडलाही होता! तोच खडबडीतपणा आता कामाला आला.

दुसरा पापुद्रा वर्कबेंचजवळचा, जिथे इंजिन उघडतात. त्याची खालची बाजू काळी आणि तुळतुळीत, पूड बिलकुल नाही. इथे इपॉक्सी कोब्याला चिकटलंच नव्हतं, ऑइलवर तरंगत होतं. पेंटरने जमीन अ‍ॅसिडने धुतली होती, आणि इथे मला सगळ्यात जास्त लाज वाटली, कारण 'अ‍ॅसिडने धुवा' हे मीच फोनवर सांगितलं होतं. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सिमेंटला खातं, त्याने पृष्ठभाग थोडा खरखरीत होतो, हे खरं. पण ऑइलवर त्याचा काही परिणाम होत नाही. ऑइल आहे तिथे अ‍ॅसिड सिमेंटपर्यंत पोचतच नाही. आधी डिग्रीझर, घासणं, धुणं, मग बाकीचं. तपासायची युक्ती एकदम सोपी आहे. जमिनीवर पाण्याचे थेंब शिंपडायचे. पाणी पसरून मुरलं तर ठीक. मोत्यासारखं उभं राहिलं तर खाली ऑइल किंवा जुनं काहीतरी आहे, कोटिंग लावू नका. यात खर्च शून्य!

शिवाय अ‍ॅसिड नीट धुतलं गेलं नाही तर क्षार मागे राहतात, आणि धुण्यात जमीन पुन्हा चिंब होते. म्हणून चार पैसे जास्त गेले तरी मशीनने घासणं बरं. हिऱ्याचा कप लावलेला ग्राइंडर फिरवला की साय निघून खालचं टणक काँक्रीट उघडं पडतं. इंटरनॅशनल काँक्रीट रिपेअर इन्स्टिट्यूटने खडबडीतपणाचे रबरी नमुने केले आहेत, १ ते १० नंबरचे. पातळ कोटिंगला १ ते ३ पुरतो, म्हणजे हाताला पॉलिश पेपरसारखं लागलं पाहिजे. जाड, ओतून पसरायच्या इपॉक्सीला त्याहून जास्त खडबडीत लागतं. घासताना सिलिकाची धूळ उडते, ती फुप्फुसात गेली की परत येत नाही. व्हॅक्यूम जोडलेलं मशीन आणि चांगला मास्क हवाच. नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

तिसरा पापुद्रा रॅम्पजवळचा. खरं तर तो पापुद्रा नव्हताच, फुगा होता. टाचणीने टोचला तर आतून दाबाने पाण्याचा थेंब आला. त्यात लिटमस बुडवलं, निळं झालं. मी लगेच जाहीर करून टाकलं की हे खालून काँक्रीटमधून आलेलं अल्कधर्मी पाणी. (हा शब्द मला रूम पार्टनरने शिकवला, मी आत्तापर्यंत 'अल्कली' म्हणत होते.) सरांनी शांतपणे विचारलं, 'हार्डनर कशाचा असतो?' अमाइनचा. तोही अल्कधर्मी! उरलेल्या हार्डनरनेही लिटमस निळं होतं. म्हणजे माझा पुरावा फुसका निघाला. सर म्हणाले, खालून ओल येते का हे जमिनीलाच विचार.

जमिनीला विचारायची रीत अशी. साधारण ४५ सेंटिमीटर बाय ४५ सेंटिमीटरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारी बाजूंनी टेपने पक्का चिकटवायचा. किमान १६ तास ठेवायचा. मग उचलून बघायचं. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब किंवा खालचं काँक्रीट गडद झालेलं दिसलं तर ओल आहे. अमेरिकेच्या एएसटीएममध्ये डी ४२६३ या नंबरने ही टेस्ट आहे. याहून बारीक, आकडा देणाऱ्या टेस्ट आहेत. एकीत कॅल्शियम क्लोराइड किती ओल शोषतं ते वजनाने मोजतात, दुसरीत काँक्रीटला भोक पाडून आतली आर्द्रता मोजतात. मामाच्या गॅरेजला प्लॅस्टिक आणि टेप पुरे होतं. शनिवारी रात्री पापुद्रे काढलेल्या जागी तीन तुकडे चिकटवले, दोन पुढे, एक मागे. मागच्या खोलीतलं इपॉक्सी उचकटायला मामा तयारच नव्हता, म्हणून तिथला तुकडा लोखंडी कपाटामागच्या न रंगवलेल्या कोपऱ्यात लावला.

रविवारी दुपारी पुढच्या दोन्ही तुकड्यांखाली घाम फुटलेला. मागचा कोरडा ठणठणीत.

मामा डोकं खाजवत म्हणाला, 'मागची खोली बांधताना त्या गवंड्यानं मुरमावर काळं प्लॅस्टिक हाथरलं होतं बघ. मी म्हटलं उगंच खर्च कशाला.' हाच तो गवंडी, ज्याच्याशी मामा भांडला होता. पुढच्या खोलीत मुरूम, सोलिंग, त्यावर काँक्रीट आणि कोबा, बस. खाली कृष्णाकाठची काळी माती. ती पाणी धरून ठेवते, आणि तिच्या बारीक छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने खूप वर चढू शकतं. काँक्रीटही आपल्याला घट्ट वाटलं तरी छिद्रंच छिद्रं. इतकी वर्षं ही ओल कोब्यातून वर येऊन हवेत उडून जात होती, कोणाला पत्ताही नव्हता. आम्ही वरून झाकण लावलं. फेब्रुवारीत पाण्याची पातळी खाली होती म्हणून टिकलं, जुलैत पातळी वर आली आणि झाकण उचललं गेलं. त्यामुळे माझं मत असं, की आपल्याकडे ही टेस्ट उन्हाळ्यात कोरडी आली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. एकदा भर पावसाळ्यात करावी आणि मग फेब्रुवारीत कोटिंग लावावं. पावसाळ्यात लावायचंच नाही. दमट हवेत हार्डनरची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी आणि बाष्पाशी गाठ पडते, वर चिकट पांढुरकी साय येते आणि पुढचा हात तिच्यावर बसत नाही. जमिनीचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवं, असा नियम आहे. आणि नवीन काँक्रीट असेल तर किमान २८ दिवस थांबायचंच.

हे सगळं झाल्यावर डबा निवडायचा प्रश्न येतो. दुकानात मामाला शेडकार्ड दिलं होतं, डेटाशीट नाही. मागितली असती तर त्यात एक आकडा दिसला असता, आकारमानाने घन भाग किती टक्के. एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर पसरला तर बरोबर १ मिलिमीटर थर होतो, हे पाठ करून ठेवा. मामाच्या ४० चौरस मीटरला दोन हातांत मिळून ८ लिटर लागलं. म्हणजे ओला थर ०.२ मिलिमीटर, २०० मायक्रॉन. नंतर मी डेटाशीट शोधली, त्यात घन भाग ४५ टक्के. बाकीचं उडून गेलं आणि उरले ९० मायक्रॉन, आपल्या जर्नलच्या एका पानाएवढे! त्यावर बुलेट साइड स्टँडवर उभी राहणार. सांगा काय होणार?

बाजारात ढोबळ मानाने तीन जाती मिळतात. पाण्यातलं इपॉक्सी लावायला सोपं, वास कमी, थोडी ओल सहन करतं, पण थर पातळ. राहत्या घरातल्या खोलीला किंवा सामानाच्या खोलीला ते पुरतं. सॉल्व्हंटमधलं कोब्यात चांगलं शिरतं, पण बंद खोलीत त्याची वाफ डोक्यात जाते आणि पेट घेऊ शकते, शेजारी वेल्डिंग चालू असेल तर विचारूच नका. मामाकडे हेच आलं होतं. तिसरं शंभर टक्के घन. लावाल तेवढं उरतं, एका हातात दोन-तीनशे मायक्रॉन, आणि ओतून पसरायच्या प्रकारात १ ते ३ मिलिमीटर. आमच्या व्हिजिटमधली आरशासारखी फरशी ही होती. पण ते महाग, घट्ट, आणि हातातला वेळ कमी, त्यामुळे सवयीची माणसं लागतात. गाडी रोज उभी राहणार असेल तर माझ्या मते हेच घ्यावं, नाहीतर काहीच घेऊ नये.

स्टाफमधल्या ज्यांना घरच्या पार्किंगला करायचंय त्यांच्यासाठी आणखी थोडं. हायवेवरून आलेल्या गाडीचा टायर गरम असतो. साध्या, हवेच्या तापमानाला घट्ट झालेल्या इपॉक्सीला ५०-६० अंशांच्या आसपास मऊपणा येऊ लागतो. टायर थंड होताना आकसतो आणि पातळ कोटिंग स्वतःबरोबर उचलतो. शटरजवळ ऊन येत असेल तर तेवढा पट्टा पिवळा पडून खडूसारखा होणार, कारण रेझिनमधली बेंझिनची कडी अल्ट्राव्हायोलेट किरणं शोषतात. त्यावर पॉलियुरेथेनचा वरचा हात लागतो. पेट्रोल, ऑइलला इपॉक्सी छान टिकतं, पण ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पुसा. ओल्या चकचकीत फरशीवर पाय घसरतो, म्हणून शेवटच्या हातात बारीक वाळूचे दाणे टाकायला सांगा. पायाने चालायला एक दिवस पुरतो, पण पूर्ण घट्ट व्हायला साधारण सात दिवस. मामाने तिसऱ्या दिवशी गाड्या आत घेतल्या होत्या.

आता मामाने काय केलं ते सांगते. ओलीवर चालणारे इपॉक्सी-सिमेंटचे खास प्राइमर मिळतात, आम्ही चौकशी केली, पण ३० चौरस मीटरला ते परवडणारं नव्हतं. मग मी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला जो आधी विचारायला हवा होता, 'मामा, तुम्हाला फरशीकडून नेमकं काय हवंय?' त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या. उघड्या इंजिनात धूळ जाऊ नये, आणि पडलेला बारीक पार्ट दिसावा. गाड्या उभ्या राहतात तिथे चकाकीची गरजच नव्हती!

२०२५ च्या फेब्रुवारीत मामाने भाड्याने ग्राइंडर आणून पुढची खोली घासून घेतली. बेंचजवळचा ऑइल प्यायलेला कोबा एक इंच खोल फोडून नवा भरला. वर सोडियम सिलिकेटचं द्रावण मारलं. ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी जोडलं जाऊन कोब्याचा पृष्ठभाग कडक करतं, धूळ कमी होते, पण वर पापुद्रा धरत नाही, त्यामुळे ओल पूर्वीसारखी उडून जाते. दिसायला साधीच करडी जमीन. ऑइलचे डाग पडणार आहेत, त्यासाठी पत्र्याचा ट्रे आणला. इंजिनचं बेंच मागच्या खोलीत गेलं, जिथलं ९० मायक्रॉनचं इपॉक्सी अजून शाबूत आहे, आणि स्पेअर पार्ट पुढे काउंटरमागे आले. २०२५ चा पावसाळा गेला, काही फुगलं नाही. खर्च पहिल्यापेक्षा कमी आला, तो किती हे मामा मला सांगत नाही.

आता मामीला स्वयंपाकघरात इपॉक्सी हवंय. मी नको म्हणून सांगितलं, कढत पाणी सांडलं तर साधं इपॉक्सी दाद देणार नाही, हॉटेलांच्या मुदपाकखान्यात म्हणूनच पॉलियुरेथेन-सिमेंट वापरतात. ते ऐकून मामी गप्प बसली, पण सिंकखालच्या एका कोपऱ्यातली उखडलेली फरशी काढून तिथे तिने दुधाच्या पिशव्या कापून टेपने चिकटवल्या आहेत, आणि रविवारी मला बघायला बोलावलंय.

— टी. ई. सिव्हिल, लेडीज होस्टेल